पन्नाशीचा रविवार: घरच्यांत बसायचं की फोन बंद करून पळायचं?

अर्धवर्तुळ (धागाकर्ती) | शुक्रवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मला ५० पूर्ण होतात. आकडा टंकताना बोट जरा अडखळलंच. गेली दहा-बारा वर्षं माझा एक ठरलेला शिरस्ता आहे. आदल्या रात्री फोन बंद, दुसऱ्या दिवशी रजा, एकटीनेच कुठेतरी भटकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांना एकगठ्ठा 'धन्यवाद' पाठवून मोकळं व्हायचं. घरच्यांच्याही ते अंगवळणी पडलं होतं.

यंदा बाबांनी घोळ घातला. ते ७८ वर्षांचे आहेत. उभा जन्म हिशेबाच्या वह्या लिहिण्यात गेला. आई गेल्यापासून धाकट्या भावाकडे असतात. फोनवर तार केल्यासारखं बोलतात, शब्द मोजून. परवा फोन आला, "त्या रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडे येतोय. पन्नास म्हणजे काही थोडं नाही." मी "बघू" म्हणेपर्यंत ठेवलासुद्धा.

म्हणजे आता भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं, ताई, भाओजी, माझा नवरा, लेक असा सगळा गोतावळा जमणार. माणसं वाईट नाहीत हो. पण कुणीतरी "तू अजिबात पन्नाशीची वाटत नाहीस हं" म्हणणार, आणि म्हणताना माझ्या केसांच्या मुळांकडे बघणार. ते मला नकोय.

तर तुम्ही वाढदिवस घरच्यांत काढता का? आणि वय झालंय हे तुम्हाला नक्की कधी, कसं पटलं? सल्ले नकोत, अनुभव सांगा.

वाकडं_शेपूट | शुक्रवार, रात्री ११:५१

पहिला सल्ला: 'सल्ले नकोत' असं कधी लिहू नये. दुप्पट येतात.

पाणवठा | शनिवार, सकाळी ६:१५

जागा राखून ठेवते. सवडीने लिहीन.

फेब्रुवारीकर | शनिवार, सकाळी ८:०२

माझी जन्मतारीख २९ फेब्रुवारी १९७२. २०२४ मध्ये माझा तेरावा वाढदिवस झाला. लेक सोळाची आहे, म्हणजे वयाने बापापेक्षा मोठी, आणि तसंच वागते.

ज्या वर्षी २९ तारीख नसते त्या वर्षी घरात दोन तट पडतात. आईचं म्हणणं २८ला करा, कारण "फेब्रुवारीतलं पोर आहे". बायको म्हणते १ मार्च, कारण "२८ला अजून जन्मलाच नव्हता". मी दोन्ही दिवशी गप्प बसतो. मला वाटायचं, वय असं चौथ्या वर्षालाच येत असेल तर बरं आहे. पण गुडघ्यांना लीप वर्षाचं कुणी सांगितलेलं नाही, ते दरवर्षी वेळेवर वाढतात.

जुनाट_छत्री | शनिवार, सकाळी ९:३०

मी चष्म्याच्या दुकानात गल्ल्यापलीकडे २२ वर्षं काढली. वय पटणं म्हणजे काय ते मला रोज बघायला मिळतं.

माणसं साधारण ४२ ते ४५च्या दरम्यान येतात. येतात ती भांडायलाच. "हल्ली अक्षरं फार बारीक छापतात." "आमच्याकडचा दिवाच मंद आहे." एक गृहस्थ म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत, फक्त हात थोडे अपुरे पडतात." खरं तर ही गोष्ट चाळिशीत सुरूच होत नाही. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू कडक होत असतं. दहा वर्षांच्या पोराला नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचंही स्पष्ट दिसतं. मग ते अंतर वाढत वाढत जातं आणि चाळिशी ओलांडली की पुस्तकाच्या नेहमीच्या अंतरापलीकडे निघून जातं. म्हणजे तुम्ही शाळेत होता तेव्हापासूनच हे चाललं होतं, फक्त कळवलं नव्हतं कुणी. आपल्या भाषेने मात्र आडपडदा ठेवलेला नाही. वयालाही चाळिशी, चष्म्यालाही चाळिशी.

गंमत पुढे आहे. चष्मा डोळ्यावर चढवला की माणूस आधी अक्षरं बघत नाही, समोरच्या आरशात बघतो. आणि दचकतो! निसर्गाने काय छान सोय केली होती, की सुरकुत्या यायला आणि जवळचं दिसेनासं व्हायला एकच मुहूर्त. ती आम्ही बिघडवतो.

धागाकर्तीला उत्तर: मला स्वतःला चष्मा लागला तेव्हा मी तीन महिने कुणाला सांगितलं नाही. चष्म्याच्या दुकानात काम करत असून!

शेंडेफळ | शनिवार, सकाळी १०:११

पाच भावंडांत धाकटा. वय ४६. मला वय वाढलंय हे पटवून घ्यायची संधीच मिळत नाही. घरच्यांत वाढदिवस केला की मी आपोआप नऊ वर्षांचा होतो. गेल्या महिन्यात चार नंबरच्या ताईने रस्ता ओलांडताना माझा हात धरला. मी दोन मुलांचा बाप आहे, आणि मुलं मागून बघत होती.

पण खरं सांगू? सोडवून नाही घेतला.

उंबरठ्याबाहेर | शनिवार, सकाळी ११:४८

इतकं गोड गोड चाललंय म्हणून मुद्दाम लिहिते. सगळ्यांची घरं सारखी नसतात. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे वार्षिक तपासणी. लग्नाचं काय, नोकरीत पुढे सरकलीस का, जाड झालीस, वाळलीस, तोंड असं का ओढल्यासारखं दिसतंय. पस्तिसाव्या वाढदिवसाला एका नातेवाइकांनी सगळ्यांदेखत "आता काय राहिलंय" असं म्हटलं. त्यानंतर मी जाणं सोडलं. आता दोन मैत्रिणी आणि मी, एवढंच. वय वाढण्याशी माझं भांडण नव्हतंच कधी. भांडण होतं ते माझं वय चारचौघांत मोजणाऱ्यांशी.

अर्धवर्तुळ, तुला जावंसं वाटत नसेल तर जाऊ नकोस. पन्नाशी झालेल्या बाईला एवढं तरी म्हणता आलं पाहिजे.

निवांत | शनिवार, दुपारी १२:२०

उंबरठ्याबाहेर, +१. आणि यात एकलकोंडेपणा काहीच नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉरा कार्स्टेन्सन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की पुढचा काळ मोजका आहे अशी जाणीव झाली की माणूस आपणहून गोतावळा कमी करतो आणि मनाला जवळची वाटतात तीच माणसं ठेवतो. म्हातारपणी ओळखी कमी होतात हा नेहमी तोटाच असतो असं नाही, बरेचदा ती निवड असते.

पण धागाकर्तीचे बाबा 'गाळायच्या' यादीत आहेत असं मला तिच्या लिखाणावरून वाटलं नाही. बाकी ती जाणे.

उंबरठ्याबाहेर | शनिवार, दुपारी १२:३१

ती जाणेच. आणि हो, जायचं नाहीये तिला, ते येतायत. माझ्या लक्षातच आलं नाही.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी २:०५

वय २७. परवा खाली वाकून बुटाची नाडी बांधली, उठताना तोंडातून 'आई गं' निघालं. मी पण म्हाताऱ्यांत येऊ का?

वाकडं_शेपूट | शनिवार, दुपारी २:०९

ये. दार उघडंच आहे, फक्त बाहेरून कडी आहे.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी २:१४

गंमत सोडा. मी वाचलंय की माणसाचं समाधान इंग्रजी 'यू'सारखं असतं. तरुणपणी वर, पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास तळाला आणि मग परत चढणीला. डेव्हिड ब्लांचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये ७२ देशांची माहिती घेऊन मांडलं होतं. म्हणजे ताई, तुम्ही तळ गाठलाय, आता वरच जाणार! शुभेच्छा!

अर्धवर्तुळ | शनिवार, दुपारी ३:३०

तळ गाठल्याच्या शुभेच्छा आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्या. आभारी आहे.

निवांत | शनिवार, दुपारी ३:५२

रात्रपाळी, ती सरासरी आहे. सरासरीच्या नदीत बुडालेली माणसं आपण पाहिलेली आहेत. शिवाय अलीकडे ब्लांचफ्लॉवर स्वतःच म्हणतात की तरुण मुलांचं मन इतकं खालावलंय की तो आकार बऱ्याच ठिकाणी मोडलाय. म्हणजे काळजी तुझ्या वयाची करायला हवी, तिच्या नाही.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी ३:५५

अरे बाप रे. म्हणून 'आई गं' निघालं.

आजीबाई_ऑनलाइन | शनिवार, सायंकाळी ५:४०

पन्नास? अगं बाळा!

मी ७१. मलाही पन्नाशीत वाटलं होतं की झालं आपलं. तेव्हा हातपाय गाळून बसले असते तर एकवीस वर्षं नुसती बसूनच काढावी लागली असती. केवढी बसायची शिक्षा! ६३व्या वर्षी मी पोहायला शिकले. शिकवणारा मुलगा माझ्या नातवाएवढा. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "काकू, पाण्याला वय कळत नाही." मी म्हटलं, "मला कळतंय ना, मला आधी तो कठडा धरू दे."

पटलं कधी विचारतेस, तर अजून पूर्ण पटलेलंच नाही. सकाळी आरशात जी बाई दिसते ती माझी आई आहे. मी तिला रोज "आलीस का" म्हणते.

निवांत | शनिवार, सायंकाळी ६:१०

आजीबाई, दंडवत. आणि हे तुमचं एकटीचं नाही. डेव्हिड रुबिन आणि डोर्टे बर्न्टसन यांच्या २००६ मधल्या अभ्यासात चाळिशीपुढची माणसं स्वतःला खऱ्या वयापेक्षा साधारण २० टक्के लहान समजतात असं दिसलं होतं.

आजीबाई_ऑनलाइन | शनिवार, सायंकाळी ६:१८

मग मी ५७ची. बरं झालं सांगितलंस. उद्यापासून जिना चढते.

खमंग_वादळ | शनिवार, रात्री ९:००

विषयांतर आहे, पण विचारते. माझा आणि जाऊबाईंचा वाढदिवस एकाच दिवशी. एकाच घरात! सतरा वर्षं प्रत्येक फोटोत आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून, दात दाखवून. मी पाच वर्षांनी लहान, पण लोक शुभेच्छा देताना आम्हाला एकत्रच मोजतात. हा दैवयोग म्हणावा की सूड?

गणिती_गोगलगाय | शनिवार, रात्री ९:२२

दोन्ही नाही, शक्यता. कुठल्याही २३ जणांच्या घोळक्यात निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या थोडी वर असते. ३० जण असतील तर ७० टक्के. लोकांना पटत नाही, कारण प्रत्येक जण फक्त स्वतःच्या तारखेशी जुळणारा माणूस शोधतो. पण २३ जणांत जोड्या २५३ होतात. तुमच्या सासरी किती माणसं?

खमंग_वादळ | शनिवार, रात्री ९:२५

एकोणतीस.

गणिती_गोगलगाय | शनिवार, रात्री ९:२६

मग कुणीतरी अडकणारच होतं. तुम्ही अडकलात.

केशव_नव्हे_केस | रविवार, सकाळी ७:४५

धागाकर्तीने केसांच्या मुळांचा उल्लेख केला म्हणून. मी रंगवणं सोडलं तेव्हा पहिले आठ महिने लोक विचारायचे, "बरं नाही का?" आता विचारतात, "कुठून करून घेतलेस?" रंगवणं म्हणजे स्वतःला फसवणं, हे माझं स्पष्ट मत.

खमंग_वादळ | रविवार, सकाळी ८:०३

फसवणं कसलं? चष्मा लावणं म्हणजे डोळ्यांना फसवणं का? ज्याला हवं तो रंगवेल.

केशव_नव्हे_केस | रविवार, सकाळी ८:१०

चष्म्याने दिसतं. रंगाने लपतं. फरक आहे.

नियामक | रविवार, दुपारी १:१५

यापुढचे केस रंगवण्याबद्दलचे एकोणीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे वाढदिवसाबद्दल बोला. (माझे गेले. सर्व प्रश्नांतून सुटलो.)

निवांत | रविवार, दुपारी ४:३०

एक राहून गेलं. वय 'पटण्या'चा तब्येतीशीही संबंध असतो म्हणतात. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांचा २००२ मधला अभ्यास आहे. ओहायोतल्या एका गावातले पन्नाशीपुढचे ६६० लोक. वय वाढण्याकडे जे चांगल्या नजरेने बघत होते ते इतरांपेक्षा साडेसात वर्षं जास्त जगले.

वाकडं_शेपूट | रविवार, दुपारी ४:४१

ज्याचे गुडघे चालतात तो म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारच. आधी गुडघे की आधी नजर?

निवांत | रविवार, दुपारी ४:५८

रास्त शंका. त्यांनी सुरुवातीची तब्येत, पैसाअडका, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरलं होतं. तरी फरक उरला. पण अशा अभ्यासात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पूर्ण सुटत नाहीच, हे मान्य.

उंबरठ्याबाहेर | रविवार, सायंकाळी ५:२०

मला या असल्या अभ्यासांचा राग येतो. आता म्हातारं होताना आनंदीही राहायचं, नाहीतर साडेसात वर्षं कापणार!

आजीबाई_ऑनलाइन | रविवार, सायंकाळी ५:३३

हाहा. मी सोमवार ते शुक्रवार आनंदी राहते. शनिवार-रविवार कुरकुरते. पाच वर्षं तरी मिळतीलच.

पाणवठा | रविवार, रात्री १०:५०

जागा राखली होती, आता लिहिते.

माझ्या वाढदिवसाला आईचा फोन सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी यायचा. माझी जन्मवेळ ती. लग्न होऊन मी दुसरीकडे आले, नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, फोनचे नंबर बदलले, पण सहा दहा बदललं नाही. आणि दरवेळी तीच गोष्ट. दिवे गेले होते, तुझे बाबा बाहेर कंदिलाची वात वर करायला गेले आणि वात खालीच केली, अंधारात तू रडलीस म्हणून कळलं की तू झालीस. तीस-पस्तीस वेळा तरी ऐकली असेन. पुढे पुढे तर फोन खांद्याला लावून मी दुसरी कामं उरकायची. "हो आई, कंदील, हो."

बाबा आधी गेले. मग आई. तिच्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मी पावणेसहालाच जागी होते. सहा दहा झाले, सहा वीस झाले. घरातल्या सगळ्यांनी दिवसभर खूप केलं माझ्यासाठी, त्यात काही कमी नव्हतं. पण मला राहून राहून एकच वाटत होतं: मी जन्मले तो दिवस ज्यांनी पाहिला, त्यांतलं आता कुणीच उरलं नाही. मला स्वतःला तर काहीच आठवत नाही! कंदील खरंच होता का, वात खरंच खाली गेली का, हे विचारायचं कुणाला? त्या दिवसाची मी एकटी वारस, आणि मी तर तेव्हा डोळेसुद्धा उघडले नव्हते.

मला वय त्या दिवशी कळलं. चष्म्याने नाही, केसांनी नाही.

सल्ला नाही. अनुभव मागितलास म्हणून.

शेंडेफळ | रविवार, रात्री ११:१४

ताईला फोन लावतोय. झोपली असेल तरी लावतोय.

अर्धवर्तुळ | रविवार, रात्री ११:३०

पाणवठा, दोनदा वाचलं. लिहायला काही सुचत नाहीये.

वाकडं_शेपूट | सोमवार, सकाळी ७:०५

मी सहसा गंभीर लिहीत नाही, त्यामुळे चुकलं तर सोडून द्या.

अर्धवर्तुळ, तुमची पहिली पोस्ट परत वाचली. त्यात स्वतःच्या पन्नाशीबद्दल दोन-तीन ओळी आहेत, त्याही केसांवरच्या. बाकी सगळे बाबा. त्यांचं वय, आई गेल्यापासून कुठे राहतात, फोनवर कसे बोलतात. तुम्हाला ५० टोचत नाहीयेत. ७८ टोचतायत. तुम्ही वाढदिवस टाळलात की त्यांचं वय त्या वर्षापुरतं वाढायचं थांबतं, असं काहीतरी असावं.

अर्धवर्तुळ | सोमवार, सकाळी ९:४०

हे जरा आगाऊपणाचं वाटलं. ओळख ना पाळख.

वाकडं_शेपूट | सोमवार, सकाळी ९:४४

माफी असावी.

खमंग_वादळ | बुधवार, दुपारी १२:००

ताई, आहात ना? धागा शांत झाला.

अर्धवर्तुळ | गुरुवार, रात्री १२:२०

आहे. शेपूट, माफी मीच मागते. दोन दिवस तुमच्यावर चिडून होते, मग चिडायचं कारण शोधायला लागले तर सापडेना.

गेल्या वेळी बाबा आले तेव्हा जिन्यात मधल्या वळणावर थांबले होते. मी वरून विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही, भिंतीचा रंग बघतोय." त्या जिन्याला गेली कित्येक वर्षं रंगच लावलेला नाही. मी काही बोलले नाही. त्यानंतर चार महिने मी त्यांना घरी बोलावलेलं नाही, दरवेळी काहीतरी कारण निघालं. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय.

गणिती_गोगलगाय | गुरुवार, सकाळी ८:३५

मला भावनिक लिहिता येत नाही. आकडे देतो.

तुमच्यात आणि बाबांत अंतर २८ वर्षांचं. ते बदलत नाही. पण पट बदलते. तुम्ही एक वर्षाच्या होतात तेव्हा ते २९ पट मोठे होते. तुम्ही सातच्या, ते ३५, पाचपट. तुम्ही चौदा, ते ४२, तिप्पट. तुम्ही अठ्ठावीस, ते ५६, दुप्पट. आता ५० आणि ७८, म्हणजे १.५६.

म्हणजे जन्मल्यापासून तुम्ही त्यांना गाठत आलाय. बरोबरी कधीच होणार नाही, पण दर वाढदिवसाला जवळ येताय. एवढंच.

आजीबाई_ऑनलाइन | गुरुवार, सकाळी ९:०२

आणि म्हणे भावनिक लिहिता येत नाही!

फेब्रुवारीकर | गुरुवार, सकाळी ९:३०

माझी लेक माझ्यापुढे निघून गेली ती याच हिशेबाने का?

रात्रपाळी | रविवार, सकाळी ७:००

ताई, आज ना? वाढदिवसाच्या शुभेच्छा! फोन चालू आहे की बंद?

जुनाट_छत्री | रविवार, सकाळी ९:१५

शुभेच्छा! फोटो काढताना चष्मा काढू नका, सगळे काढतात. मग फोटोत नाकावर दोन खुणा दिसतात.

अर्धवर्तुळ | सोमवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. फोन चालू होता. वृत्तांत देते.

सगळे आले. "वाटत नाहीस हं" हे वाक्य सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी पडलं, भाओजींनी टाकलं, आणि हो, मुळांकडे बघून. मी म्हटलं, "वाटत नसेल तर नीट बघा, खूप मेहनत लागलीय." विषय संपला. एवढ्यासाठी मी दहा-बारा वर्षं पळत होते!

भाचरांनी ५ आणि ० असे दोन मोठे फुगे आणले होते. दुपारी शून्यातली हवा गेली. संध्याकाळपर्यंत मी नुसत्या पाचाखाली बसून होते. त्यावरून व्हायचे ते विनोद झाले.

बाबा जिन्यात थांबलेच. या वेळी मी खाली उतरून गेले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. तेही बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, बाबा, मी जन्मले तेव्हा काय झालं होतं? आईने सांगितलेलं मला अर्धवट आठवतंय. (पाणवठा, हे तुझ्यामुळे.) ते म्हणाले, "काय व्हायचंय? महिनाअखेर होती, ताळा जुळत नव्हता. निरोप आला तसा वही उघडी टाकून निघालो. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर तीन रुपयांची चूक, पहिल्याच पानावर." एवढंच. पण तीन रुपये सांगताना हसत होते. आईच्या गोष्टीत ही वही कधी नव्हती.

मग मी त्यांना गोगलगायचा हिशेब सांगितला. २९ पट, पाचपट, तिप्पट, दुप्पट. ऐकून घेतला, पण दुसऱ्याची बेरीज ते मानत नाहीत. वर आल्यावर कागद-पेन्सिल मागितली. बाकीचे गप्पा मारत होते, हे कोपऱ्यात बसून ७८ भागिले ५० करतायत. १.५६ आलं तसं तोंड वाकडं केलं. म्हणाले, "हे काही खरं नाही. असा अर्धवट आकडा ठेवून वही मिटता येत नाही." मग पुन्हा खाली मान. पाचेक मिनिटांनी मला बोलावलं, कागद दाखवला. शेवटची ओळ अशी होती: ५६ आणि ८४, बरोबर दीडपट. खाली दोन रेघा मारलेल्या, त्यांच्या वह्यांत असायच्या तशा.

"सहा वर्षं लागतील," म्हणाले. "तेव्हा परत येतो मी."

मी म्हटलं, मध्ये आलात तरी चालेल.

"मध्येही येईन. पण तेव्हा नक्की."

शेंडेफळ | सोमवार, रात्री १०:२२

डोळ्यात काहीतरी गेलं. ताईला फोन लावतो. परत.

वाकडं_शेपूट | सोमवार, रात्री १०:३०

काही बोलत नाही. आगाऊपणा होईल.

गणिती_गोगलगाय | सोमवार, रात्री १०:४७

तपासलं. बाबांचं उत्तर बरोबर आहे. त्याच्यापुढचा सुटसुटीत आकडा सव्वापट, पण त्यासाठी तुम्ही ११२ आणि ते १४० हवेत. माणसाच्या वयाचा आजवरचा नोंदलेला विक्रम फ्रान्सच्या जान काल्मां यांचा, १२२ वर्षं १६४ दिवस.

अर्धवर्तुळ | सोमवार, रात्री १०:५८

हे त्यांना सांगणार नाहीये. तेही लिहून ठेवतील आणि खाली दोन रेघा मारतील.